पूजा देवाला लागते का? आपापल्या घरचं, देवळातलं, मशिदीतलं, विहारातलं सांगा

भीमातीर

धर्माच्या कुठल्याही धाग्यावर गाडी फिरून फिरून मूर्तीपाशीच येऊन अडते. मूर्ती मानणारे ह्या बाजूला, न मानणारे त्या बाजूला, आणि मग पानंच्या पानं हमरीतुमरी. त्यात मला आत्ता पडायचं नाहीये. मला विचारायचंय ते एवढंच, की आपण ज्याची पूजा करतो, ज्याच्यापुढे वाकतो, त्याला ते लागतं का? आपण नाही केलं तर त्याचं काही अडतं का? आणि अडत नसेल तर इतकं वेळेवर, इतकं काटेकोर, पिढ्यान् पिढ्या आपण कशासाठी करत आलोय?

मी पंढरपूरकडचा, म्हणून तिथलंच सांगतो. एरवी विठ्ठलाचा दिवस ठरलेला असतो. पहाटे काकडआरतीनं उठवायचं, पंचामृताचं स्नान, दुपारी महानैवेद्य, मग पोशाख, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती करून निजवायचं. पण आषाढी-कार्तिकीची गर्दी सुरू व्हायच्या बेतात आली की चांगला दिवस बघून शेजघरातला देवाचा पलंगच काढतात. म्हणजे देवाची झोप बंद. मंदिर चोवीस तास उघडं आणि देव लोकांना भेटत उभा. उभ्या उभ्या टेकता यावं म्हणून पाठीशी मऊ लोड ठेवतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्यानं न्हाऊ घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात आणि मग पलंग परत जागेवर.

आता हाच देव विश्व व्यापून आहे असं आपण हरिपाठात रोज म्हणतो, मग त्याला काढा कशाला? वारीत चाललेल्या कुठल्याही म्हातारीला विचारून बघा, ती म्हणेल अरे आम्ही आळंदीपासून चालत आलो तर आमच्या पोटऱ्या भरून आल्या, तो रात्रंदिवस विटेवर उभा आहे, त्याला दमायला होणार नाही होय? ह्या उत्तराला मी भाबडं म्हणत नाही. देवाला आपली गरज आहे असं धरून वागायचं, मन लावून त्याचं हवं-नको बघायचं, ह्यालाच मी पूजा म्हणतो. गरज खरोखर आहे का ह्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल.

तुमच्याकडे कसं आहे ते सांगा. एकच विनंती, दुसऱ्याच्या घरात डोकावून निकाल देऊ नका, आपल्या घरचं सांगा.

केशरवाटी

छान विषय. आम्ही श्वेतांबर मूर्तिपूजक जैन. आमच्याकडे ह्याचं उत्तर एका शब्दात आहे, लागत नाही. तीर्थंकर मोक्षाला गेलेले, त्यांना राग नाही, लोभ नाही, ते खूश होत नाहीत आणि रुसतही नाहीत, त्यामुळे ते काही देतील हा हिशोबच मुळात संपला. आणि तरीही आमच्याइतकी बारकाईनं केलेली पूजा क्वचित कुठे दिसेल हेही खरं.

अंघोळ करून पूजेचे वेगळे कपडे घालायचे, आपला श्वाससुद्धा प्रतिमेवर पडू नये म्हणून आठ पदरी रुमाल नाकातोंडावर बांधायचा, मग केशर घालून उगाळलेलं चंदन वाटीत घ्यायचं आणि अनामिकेनं नऊ अंगांना टिळे लावायचे. आधी पायाचे अंगठे, मग गुडघे, मनगटं, खांदे, डोकं, कपाळ, कंठ, छाती, शेवटी नाभी. प्रत्येक अंगाला टिळा लावताना त्या अंगानं त्यांनी काय केलं ते आठवायचं, म्हणजे ह्या पायांनी ते गावोगाव चालले, ह्या कंठानं उपदेश केला. मग बाहेर पाटावर तांदळाचा साथिया काढायचा. साथियाचे चार हात म्हणजे जीव जिथे जिथे जन्म घेतो त्या चार गती, त्याच्या वर तीन ढिगल्या म्हणजे दर्शन, ज्ञान, चारित्र्य, आणि सगळ्यात वर चंद्रकोर, ती सिद्धशिला, मुक्त जीवांची जागा. नैवेद्य साथियावर ठेवायचा आणि फळ वर सिद्धशिलेवर, कारण शेवटी फळ हवंय ते मोक्षाचं.

आणि हे सगळं तिथेच सोडून यायचं. प्रसाद म्हणून घरी आणायचं नाही, त्यातला दाणाही आपण खायचा नाही. शेजारच्या काकू लहानपणी मला दर वेळी विचारायच्या, देरासरात, म्हणजे आमच्या मंदिरात, गेलीस तर प्रसाद कुठाय? घेणारा कोणी नाही आणि परत मिळणारही नाही हे माहीत असताना देणं, ह्याची सवय त्या तांदळानं लागते असं मला वाटतं. भीमातीरदादा, गरज आहे असं धरून वागणं ही पूजा, हे तुमचं वाक्य म्हणून मला पटत नाही. आमची पूजा गरज नाही हे धरूनच चालते.

दोन_घडी

केशरवाटीताईंच्या पुढे एक पाऊल जाते. माझं माहेर नगरकडचं, स्थानकवासी. आमच्याकडे देरासर नाही, प्रतिमा नाही, टिळा नाही, तांदूळ नाहीत. पंधराव्या शतकात लोंकाशाहांनी जुने ग्रंथ वाचून प्रतिमापूजेला हरकत घेतली, त्या विचारातून पुढे आमची परंपरा आली. रोजचं आमचं काय तर सामायिक. दोन घडी म्हणजे ४८ मिनिटं. पांढरे साधे कपडे, बसायला आसन, तोंडाला मुहपत्ती, जवळ जागा झाडायला गुच्छा. 'करेमि भंते' म्हणून व्रत घ्यायचं आणि तेवढा वेळ साधूसारखं राहायचं. पंख्याचं बटण दाबायचं नाही, कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्याला हात लावायचा नाही, फोन नाही, घरात काय शिजतंय ह्याचा विचारसुद्धा नाही. माझी आजी वाळूचं घड्याळ उलटं करून बसायची आणि वाळू संपली तरी घाईनं उठायची नाही, आधी व्रत सोडण्याचा पाठ म्हणणार, चुकून काही हललं-दुखावलं असेल तर क्षमा मागणार, मगच आसनाची घडी.

ह्यात समोर कोणीच नाही. नवकार मंत्रसुद्धा बघा, त्यात एकाही देवाचं नाव नाही, अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, म्हणजे ज्यांनी जिंकलं त्यांना नमस्कार, माणूस कोणता ते सांगितलेलंच नाही. लग्नानंतर सासर मंदिरमार्गी मिळालं. सासूबाई फुलं वाहतात तेव्हा मला आतून खटकतं, फूल तोडणं म्हणजे हिंसा हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण त्याच सासूबाई माझ्या सामायिकाच्या वेळी दारावरची बेल स्वतः उठून बघतात.

केशरवाटी

दोन_घडी, फुलांबद्दल आमच्याकडेही नियम आहेत हो, खाली आपोआप पडलेली, न चुरगळलेली घ्यायची, पाकळ्या तोडायच्या नाहीत, सुईनं ओवायची नाहीत. सगळे पाळतात असं म्हणणार नाही, पाळायला हवं हे नक्की.

बाणकोट_खाडी

सलाम सगळ्यांना. आम्ही कोकणी मुसलमान. इस्लाममध्ये ह्या प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही, अल्लाह बेनियाज आहे, त्याला कशाचीच गरज नाही, साऱ्या दुनियेनं नमाज पढली तर त्याच्या राज्यात काही वाढत नाही आणि सगळ्यांनी सोडली तर काही कमी होत नाही. गरज आमची. म्हणून भीमातीरभाऊ, देव दमला असं आमच्याकडे बोलताच येणार नाही, पण त्या म्हातारीच्या मनात काय आहे ते मला कळलं.

नमाज कोणाच्या पुढ्यात काही ठेवण्याची नाही, स्वतःचं अंग तेवढं घेऊन जायचं. आधी वजू. हात मनगटापर्यंत, चूळ, नाकात पाणी, तोंड, हात कोपरापर्यंत, ओल्या हातानं डोक्यावर मसह, मग पाय घोट्यापर्यंत. पाच वेळच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजेची आवर्तनं) मिळून १७ होतात, पहाटेच्या फजरच्या दोन, सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या तीन, बाकी तिन्हींच्या चार चार. उभं राहणं, रुकूत वाकणं, आणि सजदा, कपाळ नाक जमिनीला टेकवून. माणसाचं सगळ्यात मानाचं अंग कपाळ, ते सगळ्यात खाली. जमातीत शेजारी कोण उभा आहे ते बघायचं नसतं, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, मग तो बोटीवरचा खलाशी असो नाहीतर बोटीचा मालक.

आम्ही कोकणी लोक शाफई, आणि देशात बाकी बहुतेक जण हनफी, ह्या धर्मनियमांच्या दोन परंपरा. म्हणून असरची, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या नमाजेची, वेळ आमच्याकडे लवकर होते, सावली वस्तूइतकी लांब झाली की आमची असर लागते, हनफी दुप्पट होईपर्यंत थांबतात. फजरच्या दुसऱ्या रकातीत आमचे इमाम हात उचलून कुनूतची दुआ पढतात. मुंबईत नोकरीला आलेल्या कोकणी पोराला पहिल्यांदा हनफी मशिदीत गेल्यावर चुकल्यासारखं होतं ते ह्यामुळे.

गरज अल्लाहची नाही ह्याचा पुरावा मला सवलतींमध्ये दिसतो. पाणी नाही तर मातीवर तयम्मुम कर. लांबच्या प्रवासात आहेस तर चारच्या दोन कर. उभं राहवत नाही तर बसून पढ, बसवत नाही तर पडून, हात हलत नाहीत तर डोळ्याच्या इशाऱ्यानं पढ. माझे अब्बा आजारपणात शेवटी शेवटी तशीच पढायचे, आम्ही फक्त पापण्यांवरून ओळखायचो की आता रुकू, आता सजदा. सूट एवढी की अंग हलवायचीही अट नाही, पण वेळ सोडायची नाही.

तळहात

मंगळवेढ्याकडचा लिंगायत. मी थोडक्यात लिहितो. आमचा देव गळ्यात असतो. इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचं लहानसं लिंग. सकाळी अंघोळ झाली की भस्म लावायचं, डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, पाणी, भस्म, बेलपान, आणि मग तळहात डोळ्यांसमोर धरून टक लावून बघत बसायचं. भटजी नाही, गाभारा नाही, बाईला वेगळा नियम नाही, विटाळ नाही, तिच्याही गळ्यात तेच लिंग. बसवण्णा बाराव्या शतकात आमच्याच मंगळवेढ्यात कारकुनी करत होते, पुढे कल्याणला गेले. त्यांचा जोर ह्यावर, की राबून कमावलं नाही त्या अन्नाचा नैवेद्य कसला. तेव्हा देवाला लागतं का माहीत नाही, पण मी हातावर घेतल्याशिवाय जेवत नाही एवढं माहीत आहे.

निळी_पहाट

सगळे खूप प्रेमानं लिहिताय, वाचून बरं वाटलं. पण ह्या धाग्यावर एक प्रश्न अजून कोणी विचारला नाही तो मी विचारते. पूजा देवाला लागते का हे नंतर, ती करायला कोणाला येऊ देत नव्हते? भीमातीर, तुमच्या विठ्ठलाच्या दारात चोखोबांची समाधी पायरीच्या बाहेर आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला तरी दार उघडलं नाही. देवाला काढा देणाऱ्यांना दारातल्या माणसाला पाणी द्यावंसं वाटलं नाही, हे विसरून मला ह्या विषयावर बोलताच येत नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली तेव्हा २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्या काही देवांची उपासना करणार नाही ह्याच आहेत.

आता आमचं सांगते. विहारात बुद्धांची मूर्ती असते, बाबासाहेबांची तसबीर असते, आम्ही मेणबत्ती लावतो, अगरबत्ती लावतो, फुलं वाहतो, त्यामुळे बाहेरचा बघणारा म्हणतो हे पण तेच करतात की. तेच नाही करत. आधी त्रिसरण, मग पंचशील. पंचशील म्हणजे मी हे हे करणार नाही अशी स्वतःला घातलेली अट, मागणं त्यात एकही नाही. आणि फुलं वाहतानाची पाली गाथा आहे तिचा अर्थ लहान पोरांनाही शिकवतात, हे फूल जसं कोमेजतं तसं माझं हे शरीरही नाशाकडे जातंय. हातात टवटवीत फूल धरून हे म्हणायचं. बुद्धांना त्या फुलाचं काही नाही, ते गेले, परत येणार नाहीत, ऐकत नाहीत. जैन ताईंनी लिहिलं त्याच्या हे जवळ जातं.

माझी आई विहारात पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसली तेव्हाची गोष्ट ती अजून सांगते. मागे बस असं म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

भीमातीर

निळी_पहाटताई, तुम्ही म्हणता त्यातला एकही शब्द खोडता येत नाही आणि मला खोडायचाही नाही. साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावं लागलं तेव्हा विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडलं, म्हणजे स्वातंत्र्य उंबऱ्याशी येऊन उभं असताना. बडवे-उत्पात ह्या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क जायला तर २०१४ साल उजाडलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. देवाची सेवा आपल्याच हातून व्हावी हा हट्ट प्रेमातून सुरू होत असेलही, पण त्याची मालकी झाली की ती सडते. चोखोबा मात्र दाराबाहेर राहून जे अभंग करत होते ते माझ्या लेखी आतल्या षोडशोपचारापेक्षा कणभर कमी नाहीत, जास्तच आहेत. सावता माळी तर अरणमधला मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत म्हणतात, मळ्यातलं काम हीच त्यांची पूजा. ही परंपरा पण आपलीच आहे, ती दारावर पहारा करणाऱ्यांच्या हाती सोडायची नाही.

लोद_अलिबाग

इस्राएलमधल्या लोदहून लिहितोय, मूळ अलिबागकडचे आम्ही, बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून कोकणात लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. शेकडो वर्षं आमच्याकडे ना हिब्रू पुस्तकं होती ना रब्बी, टिकलं काय तर शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि एक शमा, देव एकच आहे हे सांगणारं वाक्य, जन्म असो लग्न असो सगळ्या प्रसंगी तेच म्हणायचे. एवढ्यावर आम्ही यहुदी राहिलो. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलं, ते फार नंतरचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या इतिहासातच आहे. यरुशलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा रोज सकाळ-संध्याकाळ बळी, धान्य, तेल, धूप सगळं व्हायचं. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, आणि बळी दुसरीकडे कुठे देता येत नाही, मग पूजा बंद का? आमच्या पूर्वजांनी त्या वेळा तशाच ठेवल्या आणि बळीच्या जागी शब्द ठेवले. सकाळची, दुपारची प्रार्थना आजही त्या अर्पणांच्या वेळांना धरून आहे. आणि पन्नासाव्या स्तोत्रात देव स्वतःच विचारतो, मला भूक लागली तरी मी तुला कशाला सांगू, सगळं जग माझंच आहे. म्हणजे मंदिर होतं तेव्हाही देवाला ते खायला लागत होतं असं कोणी समजू नये.

पण आमच्या मराठी लोकांनी एक अर्पण जपलं, मलिदा. नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-पिस्ते, भोवती फळं, आणि एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या, नावानं प्रार्थना. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, एलियाहू संदेष्टा तिथून रथातून वर गेला अशी आमची श्रद्धा. इथल्या शेजाऱ्यांना, मोरोक्कोच्या किंवा रशियाच्या ज्यूंना, हे काही माहीत नव्हतं. आता तेही पोह्याला हात पुढे करतात.

वसईकर

कॅथलिक, वसई. आमच्याबद्दल गैरसमज असा की आम्ही सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, आणि संतांची पूजा करतो. आमच्या शिकवणीत आराधना एकट्या परमेश्वराची, संतांना मान आणि मध्यस्थीची विनंती. पण घरातल्या बायकांना ही ओळ आखून द्यायला कोणी जात नाही, आणि वांद्र्याच्या माऊंट मेरीला मेणाचा पाय वाहणाऱ्याला तो कुठल्या धर्माचा हेही कोणी विचारत नाही. गोव्यात म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला हिंदू लोक शिरगावच्या लईराईची बहीण मानतात आणि तेल घेऊन येतात.

मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, हे आमचं केंद्र. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतात, आणि ते ख्रिस्ताचं शरीर व रक्त होतं ही आमची श्रद्धा. म्हणजे आम्ही देतो त्यापेक्षा परत मिळतं ते मोठं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६२ ते ६५ ची ती, मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली आणि आमच्या आजोबांना पहिल्यांदा कळलं धर्मगुरू वेदीवर काय म्हणतोय. मराठी मिस्सात मी ज्या प्रार्थना ऐकतो त्यातल्या एकीत धाग्याचं उत्तर सरळ आहे, आमच्या स्तुतीनं तुझ्या थोरवीत भर पडत नाही, तिचा उपयोग आमच्याच तारणाला होतो.

सुखड

सगळे म्हणतायत लागत नाही, तर मी उलट बाजूनं लिहिते. मी पारशी, शिकले पुण्यात. आमच्याकडे लागतं. अग्यारीतला, म्हणजे आमच्या अग्निमंदिरातला, अग्नी हा काही देव नाही, अहुरमझ्दचं, आमच्या परमेश्वराचं, ते तेज आहे, त्याच्यापुढे उभं राहून आम्ही प्रार्थना करतो. पण अग्नीला लाकूड लागतं, नाही दिलं तर तो विझेल, इतकं साधं आहे. दिवसाचे पाच गाह, म्हणजे प्रहर, प्रत्येक गाह बदलला की दस्तूर, आमचे धर्मगुरू, बोई देतात. तोंडावर पदान, म्हणजे पांढरा कपडा, बांधलेलं, सुखड, म्हणजे चंदनाचं लाकूड, अग्नीवर ठेवायची, घंटा वाजवायची आणि वाईट विचार, वाईट शब्द, वाईट कृती ह्यांना हाकलायचं. गुजरातेतल्या उदवाड्याचा इराणशा हा पवित्र अग्नी तिथे १७४२ पासून आहे आणि त्याच्या आधी संजाण, डोंगर, नवसारी, जिथे जिथे आमची माणसं गेली तिथे तो अग्नी सोबत नेला.

आणि घरी प्रत्येकाची कस्ती, कमरेला बांधायची पवित्र दोरी. कोकराच्या लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली. हात-तोंड धुऊन सोडायची, प्रार्थना म्हणायची, अहरिमनचं, म्हणजे वाईटाच्या शक्तीचं, नाव आलं की कस्तीचं टोक झटकायचं, अगदी चाबकासारखं, आणि परत कमरेला तीन वेढे देऊन पुढे-मागे गाठी मारायच्या. आम्हाला शिकवलेलं असं की चांगलं आणि वाईट ह्यांची लढाई अजून चालू आहे आणि त्या लढाईत माणूस अहुरमझ्दचा हमकार आहे, बरोबरीनं काम करणारा. म्हणजे आमच्या मदतीशिवाय ती लढाई पुढे सरकत नाही. बिगर-पारशांना आत येता येत नाही ह्याचं अनेकांना वाईट वाटतं, मलाही माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत वाटतं, आणि आमच्यातही त्यावर वाद आहेत.

निळी_पहाट

सुखड, हे फार वेगळं आहे. हमकार. आवडलं.

दोन_घडी

एक सुचलं. लागतं की नाही हे पुस्तकात बघण्यापेक्षा २०२० चा लॉकडाऊन आठवा. सगळी दारं बंद होती. तेव्हा कोणाकडे काय चालू राहिलं आणि काय थांबलं त्यावरून खरं कळेल. आमच्याकडे सामायिकाला काहीच फरक पडला नाही, थांबलं ते साधू-साध्वींचं व्याख्यान आणि दर्शन, त्याचीच चुटपुट लागली.

बाणकोट_खाडी

बरोबर धरलंत ताई. मशिदीतून अजान होत राहिली, पण पाच वेळची नमाज आम्ही घरात पढलो, अब्बांच्या जागी मी पुढे उभा आणि मागे बायको-पोरं. अडली ती जुम्माची. जुम्मा एकट्यानं होत नाही, जमात आणि खुतबा, म्हणजे प्रवचन, लागतो, म्हणून शुक्रवारी घरात दुपारच्या जुहरच्या चार रकाती. रमजान ईदसुद्धा घरातच काढली आणि गळाभेट नाही. अल्लाहसमोर एकट्यानं उभं राहता येतं, ईद एकट्यानं होत नाही.

लोद_अलिबाग

आमच्याकडे दहा पुरुषांशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत, मेलेल्यांसाठी म्हणायची कद्दीश त्यातलीच. व्हिडिओवर दहा मोजायचे का ह्यावर बहुतेक रब्बींनी नाही सांगितलं. मग लोक आपापल्या गॅलरीत, गच्चीवर, अंगणात उभे राहून एकमेकांना दिसतील असे दहा जमवायचे. ज्याच्या घरी कोणी गेलं होतं त्याच्यासाठी अख्खी बिल्डिंग गॅलरीत यायची.

वसईकर

धर्मगुरू बंद देवळात मिस्सा करायचे, आम्ही मोबाईलवर बघायचो. ऐकणं जमलं, गाणं जमलं, ख्रिस्तप्रसाद जमणार कसा? त्याऐवजी मनानं स्वीकारण्याची एक प्रार्थना म्हणायचो. परत देवळात गेल्यावर पहिल्यांदा हातावर प्रसाद ठेवला तेव्हा आमच्या रांगेत कितीतरी जण रडत होते.

सुखड

दारं बंद, आत दस्तूर आणि अग्नी. बोई एकही चुकली नाही. आम्ही सुखड पाठवायचो.

निळी_पहाट

१४ एप्रिलची जयंती घराघरात झाली, गॅलरीत दिवे लावून, वाचन करून. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येऊ नका असं सांगावं लागलं आणि लोकांनी ऐकलं. वंदना घरात होते, पण चैत्यभूमीची ती रांग आणि शिवाजी पार्कवरची पुस्तकांची दुकानं, पुस्तक घेतल्याशिवाय परत न जाणारी माणसं, तीही आमच्यासाठी उपासनाच आहे हे त्या वर्षी कळलं.

भीमातीर

पंढरपुरात मंदिर बंद झालं, पण नित्योपचार एक दिवस थांबले नाहीत. काकडा झाला, नैवेद्य झाला, शेजारती झाली. आषाढीला पालख्यांच्या पादुका एसटीनं आल्या, मोजक्या माणसांबरोबर. आमच्या घरासमोरून दरवर्षी दिंड्या जातात, त्या वर्षी रस्ता पार मोकळा. म्हणजे दोन_घडीताईंच्या कसोटीवर बघायचं तर देवाचं काहीच अडलं नाही, अडलं ते वारकऱ्याचं. तरी मी माझं मत सोडत नाही. ज्यांनी ते महिने आत राहून बाहेर एक माणूस नसताना देवाला वेळेवर उठवलं, जेवू घातलं, निजवलं, त्यांनी बघणारं कोणी नाही म्हणून एक उपचार गाळला असता तर कोणाला कळलं असतं? नाही गाळला. बाणकोटभाई, पापण्यांनी सजदा करणारे तुमचे अब्बा आणि हे पुजारी मला एकाच रांगेत दिसतात, तुमच्या माझ्या श्रद्धेत केवढंही अंतर असलं तरी.

बाणकोट_खाडी

भाऊ, अब्बांचं असं कोणी लिहिलं नव्हतं आजवर. शुक्रिया.

गोदाकाठ

उशिरा आलो, नांदेडचा आहे. सगळ्यांचं वाचलं, आमच्या हुजूर साहिब गुरुद्वाराचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे मूर्ती नाही, पण भीमातीर, तुमच्या विठ्ठलाचा दिनक्रम वाचून मला आमचाच वाटला. १७०८ मध्ये इथेच गुरू गोविंदसिंगांनी यापुढे गुरू म्हणजे ग्रंथसाहिब असं सांगितलं. म्हणून पहाटे ग्रंथसाहिबचा प्रकाश करतात, म्हणजे ग्रंथ उघडतात, डोक्यावरून आणतात, रुमाल्यात ठेवतात, चौरी ढाळतात, रात्री सुखासन करून, म्हणजे ग्रंथ मिटून, विश्रांतीच्या खोलीत नेतात. थंडीत उबदार पांघरूण घालतात. पुस्तकाला थंडी वाजते का असं आम्हाला विचारणारे भेटतात, आम्ही उत्तर देत बसत नाही. हुजूर साहिबला दिव्यांनी आरतीही होते, जी बाकी बहुतेक गुरुद्वारांत नसते, आणि पहाटे गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात.

दोन_घडीताईंच्या प्रश्नाचं सांगायचं तर २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा पंजाबातून आलेले हजारो यात्रेकरू नांदेडात अडकले, एप्रिल संपेपर्यंत. दर्शन बंद पण लंगर बंद ठेवणं शक्यच नव्हतं, ह्या लोकांना जेवू कोण घालणार? पाठ आत चालू आणि भट्टी बाहेर चालू. आमच्या गल्लीतल्या बायका घरून पोळ्या लाटून द्यायच्या, त्यात शीख किती आणि बाकी किती हे कोणी मोजलं नाही.

निळी_पहाट, हुजूर साहिबच्या लंगरात पुढची रांग मागची रांग नसते, पंगतीत जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. आईंना घेऊन या. गोदावरीचं पाणी आणतात ते बघायचं असेल तर आदल्या रात्रीच पोचायला लागेल, राहायची सोय यात्री निवासात होते.